मामंजी इंजिनात बसले होते तेव्हा

भल्या पहाटे आमच्या दारात एवढी माणसं जमली होती की दूधवाल्याला वाटलं, घरात कुणीतरी गेलं. गेलं कुणी नव्हतं. उलट गेलेलं माणूस परत आलंय असं सगळ्यांचं म्हणणं होतं, आणि तेही आमच्या पिकअपच्या इंजिनात.

स्टिअरिंगसमोर मठातले धूरबाबा बसले होते. माझे सासरे, म्हणजे मामंजी, यांचा फोटो डॅशबोर्डवर चिमट्याने अडकवलेला होता. बाबांनी तो अलगद काढून छातीशी धरला, किल्ली अर्धीच फिरवली आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले. "उठा महाराज. थंडी आहे, कळतंय मला. पण पाव पोचवायचेत." असं बराच वेळ चाललं. मग किल्ली पूर्ण फिरली. इंजिन खोकलं, अंगभर थरथरलं, पांढरा धूर भसाभसा सोडून एकदाचं सुरू झालं. लोकांनी हात जोडले. शेजारच्या मावशींना रडू कोसळलं. या बाईचं आणि मामंजींचं गटारीवरून जन्मभर भांडण होतं, पण ते असो. बाबांनी फोटो होता तिथे परत लावला आणि ते उतरले.

आमची बेकरी आहे. पहाटे पाव दुकानांत पोचवायचं काम कायम मामंजींचं. माझा नवरा भट्टी सांभाळायचा, गाडी हातात घ्यायची ती दुपारी. मामंजी गेले आणि पहाटेची फेरीही त्याच्याकडे आली. वडील सतत समोर असावेत म्हणून त्याने फोटो थेट काट्यांशेजारी लावला. वेग दिसला म्हणजे झालं, बाकीच्या दिव्यांचं काय लोणचं घालायचंय, असा त्याचा हिशेब. दुसऱ्याच दिवसापासून गाडी पहाटे रुसायला लागली. दुपारी मात्र शहाण्या लेकरासारखी चालायची.

पावाची फेरी उरकून मेकॅनिककडे नेली, तर किल्ली लावताच सुरू. तो म्हणाला, "आत्ता काही दोष दिसत नाही. रात्रभर ठेवून जा, सकाळी थंड असताना बघतो."

"रात्रभर ठेवली तर सकाळी पाव कोण नेणार, तू?" नवरा म्हणाला आणि गाडी परत घेऊन आला. मेकॅनिककडे एक रात्र ठेवायला याला वेळ नव्हता. बाबांना रोज पहाटे घरी बोलवायला मात्र होता.

बाबांनी रोग ओळखला तोही ऐकण्यासारखा. "वडील सकाळी खोकायचे?" जन्म पिठात गेलेला माणूस खोकणार नाही तर काय गाणार? "थंडीत उठायला कुरकुर करायचे? दुपारी बरे असायचे?" नवरा प्रत्येक वेळी मान डोलवत होता. झालं, मामंजी इंजिनात आहेत हे सिद्ध झालं. पुढे धुराचं शास्त्र. पांढरा धूर म्हणजे आत्मा अतृप्त, काळा म्हणजे रागीट, आणि निळ्याबद्दल बाबा बायकांसमोर बोलत नसत.

मग गल्लीला चेव आला. एकीने बंद पडलेला मिक्सर आणला. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा फ्रिज रात्री कण्हायचा, त्यात बाबांना शिंप्याची आत्या सापडली. बिचारा तेव्हापासून फ्रिज उघडण्याआधी दारावर टकटक करायचा.

मला हसू आलं असतं, पण सासूबाईंकडे पाहून येत नव्हतं. त्यांनी बॉनेटवर स्वतःची गोधडी घातली होती. पहाटेपासून त्या गाडीच्या मागे स्टूल टाकून बसायच्या, सगळा धूर छातीत घ्यायच्या आणि खोकायच्या. आत चला म्हटलं की म्हणायच्या, "ते बाहेर एकटे आहेत गं." रात्री त्यांची छाती घरघरायची, मी जागी असायची आणि मला भयंकर राग यायचा. अशात बाबांनी शेवटचा उपाय सांगितला: आत्म्याला संसाराचं ओझं सोसत नाही, तेव्हा रविवारी गाडी मठात कायमची आणून सोडा. नवरा तयार झाला. सासूबाईंनी तर पिशवीच भरली. "जिथे ते, तिथे मी," म्हणाल्या.

रविवारी पहाटे मी आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, आई घरात येत नाहीत, तुम्हीच अंगणात या. बाबा यायच्या आधी त्या आल्या. त्यांनी स्टुलावरच सासूबाईंची छाती तपासली.

"हा धूर आणखी घेतलात तर दवाखान्यात ठेवावं लागेल," त्या म्हणाल्या आणि गाडीकडे वळल्या. "हिची तक्रार कधीपासूनची?"

"वडील गेल्यापासून," नवरा म्हणाला.

"कधी होते?"

"पहाटे. थंडीत जास्त."

"इंजिन गरम असताना?"

"नाही, तेव्हा काही नाही."

"मग हे भूत थर्मामीटर बघून येतं म्हणायचं." बाईंची पहिली नोकरी आडगावातली, तिथे जुनी डिझेल जीप त्यांनी स्वतः हाकली होती. त्या चढून बसल्या. तेवढ्यात धूरबाबा आणि मागून गर्दी आली.

"बाई, उतरा. परक्या हाताने ते उठणार नाहीत," बाबा म्हणाले.

बाईंनी फोटोला हात न लावता एका दमात किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच गुरगुरलं. बाबा प्रसन्न हसले. मग बाईंनी फोटो काढून नवऱ्याच्या हातात दिला आणि किल्ली अर्धीच फिरवली. फोटोच्या जागी वेटोळ्या तारेचं चित्र असलेला छोटा पिवळा दिवा लागला होता. तो विझेपर्यंत त्या थांबल्या आणि मग किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, पांढरा धूर सोडत चालू झालं आणि थोड्या वेळाने शांत एका सुरात चालायला लागलं.

"डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते," बाई म्हणाल्या. "दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. थंडीत ती कमी पडते, म्हणून आत तापायचे प्लग असतात. दिवा विझला की समजायचं, तापले. तुम्ही दिवा फोटोने झाकलात आणि न थांबता किल्ली फिरवत आलात. एखादा प्लग जळलेलाही असणार, म्हणून गरम होईपर्यंत ही थरथर. पांढरा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल. रात्रभर मेकॅनिककडे ठेवा, तो बघेल."

बाबा डगमगले नाहीत. "तो दिवा म्हणजेच त्यांची ज्योत आहे, बाई."

"असेल. मग रोज जाताना त्या ज्योतीवर फोटो परत कोण लावत होतं?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं आणि ते लगबगीने निघाले. शिंपी त्यांच्या मागे धावला. आत्या आहे की नाही तेवढं सांगून जा, असं तो विनवत होता.

गाडी वाचली म्हणून नवऱ्याने कपाळाचा घाम पुसला. सासूबाई मात्र पिशवी धरून उभ्याच होत्या.

"म्हणजे ते आत नाहीत?"

"नाहीत, आजी," बाई म्हणाल्या.

"मी रोज पहाटे त्यांना गाडीच्या खिडकीतून चहा द्यायचे, माझाही कप घेऊन उभी राहायचे. ते किल्ली अर्धी फिरवून माझ्याशी बोलत बसायचे. मला वाटायचं, माझ्यासाठी थांबतात." त्यांचा आवाज फाटला. "तेही दिव्यासाठीच."

क्षणभर मला वाटलं, धूरबाबाच बरा होता.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "पण आत्ता हा दिवा लगेच विझला की. तेव्हाही असाच विझायचा?"

"हो, आजी. थोडाच वेळ लागतो त्याला."

"ते तर माझा कप रिकामा होईपर्यंत बोलायचे." त्या थोड्या थांबल्या. "मग बाकीचा वेळ दिव्यासाठी नव्हता."

त्यांनी बॉनेटवरची गोधडी काढून घेतली, पिशवी उचलली आणि स्वतःच्या पायांनी घरात गेल्या.

मला एवढंच सांगायचंय. कधीपासून, केव्हा होतं, केव्हा होत नाही, हे विचारायला घाबरू नका. आपलं माणूस आपल्यापासून हिरावलं जाईल या भीतीने आम्ही विचारलं नाही, आणि म्हातारीला धुरात बसवून ठेवलं.