घोडकाठचा मरळ

लग्नाच्या सत्ताविसाव्या वाढदिवसाला सायलीनं आईवडलांसाठी पुण्यातल्या एका मासळीच्या हॉटेलात टेबल बुक केलं. ती स्वतः बंगळूरला नोकरीला. फोनवर तिनं बजावलं, "रविवारी अकराला पोचा. ब्रंच म्हणतात त्याला. आई, घरून काही खाऊन निघू नकोस."

तरी करुणानं निघताना अर्धी भाकरी चहात बुडवून खाल्लीच. निमोण्याहून खराडीपर्यंत रोहिदास गाडी चालवत होता आणि ती शेजारी बसून नव्या साडीच्या निऱ्या सारखी करत होती.

हॉटेलात दारातच बर्फावर मासे मांडले होते. पापलेट, सुरमई, रावस, वीतभर कोळंबी. करुणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली आणि तिनं वेटरला विचारलं, "मरळ नाही का हो?"

"नाही मॅडम. आपल्याकडं फक्त समुद्राचे."

रोहिदास गालात हसला. टेबलाशी बसल्यावर म्हणाला, "तुला अजून मरळच लागतो व्हय?"

लागणारच. करुणा दौंडची. वडील रेल्वेत आणि घर भीमेपासून हाकेच्या अंतरावर. रविवारी घरात मासा शिजला नाही, असं सहसा व्हायचं नाही. ती लग्न होऊन निमोण्यात आली, ते माळकऱ्यांच्या घरात. सासूबाई विठाबाईंच्या (ती त्यांना आत्याबाई म्हणायची) गळ्यात तुळशीची माळ. चुलीवर कांदासुद्धा एकादशीला चढत नसे. पहिले चार महिने करुणा निमूट राहिली. पाचव्या महिन्यात तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "अहो, काल स्वप्नात मला माशाच्या कालवणाचा वास आला."

त्या रविवारी रोहिदास आईला म्हणाला, "शेतावर मोटर बघून येतो. हिलाबी नेतो, वांगी तोडायची हाईत." घोड नदीच्या कडेला चांदभाई जाळं टाकून बसायचे. त्यांच्याकडून त्यानं मरळ घेतला आणि मोटरीच्या खोलीमागं तीन दगडांवर तवा ठेवला. करुणानं मासा तळला. दोघांनी बाभळीच्या सावलीत, केळीच्या पानावर, बोटं चाटत खाल्ला. मग लिंबाचा पाला हातावर चोळला, बडीशेप चघळली आणि वांगी घेऊन साळसूदपणे घरी आली. पुढं सायली पोटात राहीपर्यंत, दोन वर्षं, बहुतेक रविवारी त्यांची मोटर बिघडलेलीच असायची.

"काय चोरटे होतो आपण," सुरमईचा तुकडा मोडत करुणा म्हणाली. "पण तुमचं एक मानायला हवं. खोलीत तेलाची बाटली कधी रिकामी नसायची. कधी आणून ठेवायचात?"

रोहिदासचा घास हातातच राहिला. "मी? तेल तर तू घरनं आणायचीस ना?"

"मी कशाला आणू? आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत डब्यातलं तेल काढायची माझी छाती होती का?"

"आन् ती राखेची पुडी? चिंचेचा गोळा?"

"ते चांदभाई देत असतील असं मला वाटायचं."

"चांदभाई मासा देऊन लगेच पाण्याकडं जायचे. खोलीत कवा आले ते?"

मागं कुणीतरी हलकी गाणी लावली होती, शेजारच्या टेबलावर केक कापत होते. करुणाला ती पुडी स्पष्ट दिसली. राख कपड्यानं गाळलेली असायची, पिठासारखी मऊ. चिंच बिया काढून, मीठ लावून घट्ट वळलेली. मरळाचा बुळबुळीतपणा राखेनं आणि चिंचेनं काढायचा, हे काठावरच्या बाईलाच ठाऊक. रोहिदासला ते कुठून कळणार?

"खोलीची दुसरी किल्ली कुणाकडं होती?" तिनं विचारलं.

"आईकडं," तो म्हणाला. "शनिवारी शेतावर भाजी तोडायला तीच जायची."

विठाबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती. करुणानं पदर डोळ्याला लावला. आत्याबाईंनी तिला कधी जवळ घेतलं नव्हतं, गोड बोलणं त्यांच्या तोंडी नव्हतं. त्या नुसतं म्हणायच्या, "लवकर आलात?" आणि वांगी निवडायला घ्यायच्या.

"पण त्यांना राखेचं कसं ठाऊक?"

"तिचं माहेर देऊळगाव राजे. भीमेच्या काठचंच की." रोहिदासनं पाण्याचा पेला बाजूला सारला. "लगीन झाल्यावर माझ्या आज्यानं माळ घातली तिला. त्याआधीचं मी कधी विचारलंच न्हाई, करुणा. आईला काय आवडतं, हे मी एकदाबी विचारलं न्हाई."

पुढची ताटं आली तशीच परत गेली. सायलीला फोटो पाठवून दोघं बाहेर पडली. रोहिदासनं गाडी घराकडच्या नगर रस्त्याला न घेता सोलापूरच्या रस्त्याला घातली. भांडगाव मागं पडलं तेव्हा करुणाच म्हणाली, "मामांना पेढे घेऊ या दौंडात."

देऊळगाव राजेत विठाबाईंचे धाकटे भाऊ हौसराव, वय ऐंशीच्या पुढं, ओट्यावर बसले होते. आधी कुणी वारलं की काय म्हणून ते घाबरले. मग रोहिदासनं सगळं सांगितलं, तेव्हा ते तोंडातली सुपारी एका गालात सारून मोठ्यानं हसले.

"आक्का? आरं, वाम मासा धरण्यात ती माझ्या चार पावलं पुढं! दगडाखाली हात घातला की खाली काय हाय ते बोटांनी वळखायची. माळ घातल्यावर मातूर तोंडाला लावला न्हाई कवा. पर माहेरी आली की माझ्या बायकूच्या हातातनं मासा काढून घ्यायची अन् स्वतः साफ करायची. म्हणायची, खाणं सोडलंय मी, हात लावणं न्हाई सोडलं."

करुणा ओट्याच्या पायरीवर बसली. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, "मामा, आणखी सांगा. त्या लहान असताना कशा होत्या?"

"सांगतो की," हौसराव म्हणाले. "आधी च्या तर घ्या."