गोलरक्षिकेची आई

सुरेखाताई जवळ येऊन बसल्या, की आधी चिंचेचा वास येई. कसबा पेठेत त्यांच्या यजमानांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं छोटं दुकान; भांडी चिंचेनं घासून लख्ख करणं हे त्यांचं काम. माघातल्या त्या संध्याकाळी, बालेवाडीच्या स्टेडियमवर, कलतं ऊन त्यांच्या तळहातांवर पडलं होतं आणि ते हातही तांब्याचेच वाटत होते. एरवी विसावा ठाऊक नसलेले ते हात आज मांडीवर अवघडून बसले होते, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे.

मी खेळाची शिक्षिका. त्यांची ऋतुजा माझ्या शाळेच्या संघाची गोलरक्षक. दहावी झाली की खेळ बंद, असं त्यांच्या घरात ठरलं होतं. फुटलेले गुडघे, रापलेला चेहरा, उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, कारणांना तोटा नव्हता. मात्र लेकीचा एकही सामना आईनं पाहिलेला नव्हता. याचा मला राग यायचा. म्हणून महिलांची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा पुण्यात आली, तेव्हा मी मुलींना घरी ठेवलं आणि त्यांच्या आयांना घेऊन आले.

ऊन ओसरलं. दिव्यांचा शुभ्र, शीतल प्रकाश हिरवळीवर पसरला आणि त्या प्रकाशात दोन दूरच्या देशांच्या मुली वाऱ्यावरच्या पानांसारख्या धावू लागल्या. आम्ही आपली लाल सदऱ्यांची बाजू घेतली. सगळ्या आया क्रिकेटवर वाढलेल्या. चेंडू रेषेबाहेर गेला, की चौकार मिळाल्यासारख्या टाळ्या पिटायच्या. शेवटी पुढच्या रांगेतले आजोबा मागे वळले.

"अहो, इथं चेंडू बाहेर गेल्यावर धावा मिळत नाहीत. आपण टाळ्या जरा जपून ठेवा."

सुरेखाताई पदरात तोंड लपवून खुदकन हसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना असं हसताना मी प्रथमच पाहत होते.

उत्तरार्धात लाल संघानं गोल केला. सारं स्टेडियम उसळलं. समोरच्या संघाची गोलरक्षक मात्र गुडघ्यांवर बसली होती, हातमोज्यांत चेहरा झाकून. सुरेखाताईंची टाळी अर्ध्यातच थांबली.

"हिची आई आली असेल का हो, मॅडम?"

"एवढ्या लांबून? नसेल बहुधा."

त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्या जल्लोषात एकट्याच ओरडल्या, "ऊठ गं बाळा! होतं असं!"

ती मुलगी उठली. खेळाडू उठतातच, हाक पोचली असं मी म्हणणार नाही. पण सुरेखाताई खाली बसल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"आमची ऋतू अशी हरली, की कुणाकडे बघते?"

मला खोटं बोलवेना. "रिकाम्या पायऱ्यांकडे."

गारवा वाढत होता, मैदानावर शिट्ट्या वाजत होत्या, आणि त्या एकटक त्या अनोळखी पोरीकडे पाहत होत्या. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "दहावीनंतर मुली कुठल्या मैदानावर खेळतात हो?"

मी एकेक मैदान सांगू लागले. लेकीच्या सरलेल्या सामन्यांत आईची जागा रिकामीच राहणार होती, काळ ती कुणालाच परत देत नाही; पण पुढचा सामना अजून व्हायचा होता.