मागच्या दाराचा कोनाडा

आमच्या घराला दोन दारं. पुढच्या दारातून माणसं येतात, मागच्या दारातून वास येतो. लग्न होऊन या वस्तीत आले त्याला चौदा वर्षं झाली, पण पहिला घास घेताना नाक दाबावंसं वाटलं नाही अशी एक सकाळ गेली नाही. मागच्या गल्लीत सगळ्या ओळीचे टोपलीचे संडास, एकाला एक लागून. पावसाळ्यात गल्लीतलं पाणी उंबऱ्याशी येतं. त्यात काय काय तरंगतं ते मी सांगणार नाही, तुम्हाला जेवायचं असेल. मी शाळेत चौथीच्या मुलांना आरोग्य शिकवते. फळ्यावर माशी काढते आणि मला माझंच स्वयंपाकघर दिसतं.

गेल्या पावसाळ्यात आमची लेक लतिका महिनाभर विषमज्वराने पडून होती. ती उठून बसली त्या दिवशी मी नवऱ्याला बजावलं.

"अजी, विका हे घर. मले आता शिसारी येऊन राहिली."

नवरा पोस्टात. नाव महादेव, कारण जन्म छप्पनच्या आधीचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, नाव तेच राहिलं. माणूस शांत, इतका की कधीकधी त्याचाही राग येतो.

"विकून जाशील कुठं?" तो म्हणाला. "आपले लोक इथं हायेत. रामाजी मिस्त्री माप घेऊन गेला. म्हणते, मागची भिंत पाडू, टाकीचा संडास बांधू, वर स्लॅब टाकू. घर नवं होते."

"कोळसा उगाळावा तितका काळाच. टाकी आपली होईल, गल्ली कोण धुईन?"

सासरे, धोंडबा, खाटेवर बसून ऐकत होते. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून ते कशातच बोलत नसत. त्यांची खाट मागच्या दाराजवळ. त्या वासाचं त्यांना काहीच कसं वाटत नाही, याचाही मला संताप यायचा.

त्या गल्लीत रोज सकाळी मीराबाई यायची, संडासातल्या टोपल्या उपसायला. तिचं काम झालं की मी तिला चहा द्यायचे. मागच्या दाराबाहेर भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात कान तुटलेला एक कप असे. ती तो काढून पुढे करी, मी वरून चहा ओतायचे. ती गल्लीतच उकिडवी बसून पिई, मी पाणी ओतलं की कप विसळी आणि कोनाड्यात पालथा घाली. तो कप कधी घरात आला नाही. त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं. हात मैल्याचे, म्हणून कप वेगळा. आरोग्याचाच धडा की.

शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून नवऱ्याने शहराबाहेर, बेसाकडच्या एका शेताची बातमी आणली. शेतमालक गिरिधर पाटील शेत मोडून प्लॉट पाडत होता. रविवारी आम्ही बघायला गेलो. सासरेही आले, जमिनीतलं त्यांना कळतं म्हणून.

काय सांगू! वारा होता नुसता. पांढरे दगड रोवून प्लॉट आखलेले, पलीकडे तुरीचं शेत. मी छाती भरून श्वास घेतला, कशाचाही वास आला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं. कोपऱ्यातला प्लॉट मी मनात घेऊनही टाकला. लतिकाची खिडकी तुरीकडे ठेवली.

पाटलाने आग्रहाने घरी नेलं. अंगणात बाजेवर बसवलं. मग कागदावर नाव लिहिता लिहिता विचारलं, "आडनाव काय म्हणाले जी?"

नवऱ्याने सांगितलं. पाटलाचा पेन जरा थांबला.

"अच्छा, अच्छा. काही हरकत नाही जी. आजकाल कोण मानते?" आणि आत तोंड करून बहिणीला ओरडून सांगितलं, "यमुताई, चहा आण वं! तिकडचे कप घे."

तिकडचे म्हणजे गोठ्याकडचे. गोठ्याच्या भिंतीत कोनाडा होता, तिथून टवके उडालेले तीन कप आले. पाटलाला स्टीलचा पेला. यमुताईने आमच्या कपांत वरून चहा ओतला, धार इतकी उंचावरून की माझ्या पातळावर शिंतोडे उडाले. नवऱ्याने कप खाली ठेवला. मी तर हातही लावला नाही. शेणाच्या वासाने नाही, त्या धारेने.

आणि सासऱ्यांनी मुकाट्याने चहा संपवला. उठले. गोठ्याजवळच्या पिंपातून पाणी घेऊन कप धुतला आणि कोनाड्यात पालथा घातला. सत्तरीचा माणूस!

पाटील खुशीत म्हणाला, "बुढ्याले रीत माहीत हाय."

मला ओकारी आली असती तर त्याच्या अंगणातच ओकले असते. प्लॉटचा कागद नवऱ्याने घडी करून परत दिला आणि आम्ही निघालो. वाटभर मी पाटलाला शिव्या घालत होते. जमिनीचे पैसे घ्यायला याचा हात विटाळत नाही, कप तेवढा विटाळतो! मग सासऱ्यांवर घसरले.

"मामाजी, तुमाले लाज नाही वाटली?"

"गावी, पारशिवनीले असतानी, पाटलाच्या गोठ्यात कप असाच ठेवत होतो," ते म्हणाले. "दीक्षा घेऊन वीस वर्सं झाली. वाटलं, हात इसरले असतीन. नाही इसरले वं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीराबाई आली. काम झालं. तिने कप काढून पुढे केला, मी चहाचं भांडं उचललं, आणि माझा हात किती वर गेलाय ते मला दिसलं. यमुताईचा गेला होता तितकाच. खाटेवरून सासरे बघत होते. ते रोजच बघत असणार. रोज, या खाटेवरून, चौदा वर्षं.

मी आत जाऊन आमच्या कपांतला, निळ्या फुलांचा कप आणला आणि त्यात चहा ओतून तिच्या हातात ठेवला.

मीराबाई घाबरली. "क्या हुआ बाई? हमको निकाल रहे क्या? मिस्त्री नाप लेके गया, सुना मैंने."

"नाही वं. पी."

ती प्यायली, पण गल्लीतच उकिडवी बसून. मग तिने फुलांचा कप विसळला आणि जुन्या कपाशेजारी कोनाड्यात पालथा घातला. मी एक कप मोडीत काढायला निघाले होते, कोनाड्यात दोन झाले.

ती गेल्यावर मी फुलांचा कप आत आणला. राखेने घासला. पुन्हा घासला. तिसऱ्यांदा राखेत हात घातला तेव्हा सासरे म्हणाले, "फुलं जातीन वं त्याच्यावरची."

एवढंच म्हणाले. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा वर्षं मी गल्लीला नाकं मुरडली, वस्तीला मुरडली, काल पाटलाला. घाण माझ्याच मनगटात होती. बेसाला बंगला बांधला असता तरी मी मागच्या दाराशी एक कोनाडा ठेवला असता, आणि त्याला आरोग्य म्हटलं असतं.

मी त्याच कपात माझा चहा ओतला. पहिल्या घोटाला पोटातून उसळून आलं. डोळ्यांत पाणी आलं. तरी सगळा प्यायले आणि नवऱ्याला सांगितलं, "बोलवा रामाजीले. इथंच बांधू."

रामाजी आला, मागची भिंत ठोकून पाहिली. "संडासाचं होऊन जाईन बाई. हा कोनाडा ठेवू का? कामात येते."

"बुजवा," मी म्हटलं. "आधी तोच बुजवा."

दुपारपर्यंत विटा बसल्या, गिलावाही झाला. मीराबाई अजून येते, टाकी व्हायची आहे. चहा आता फुलांच्या कपात घेते. ती गेल्यावर मी तो कप एकदाच धुते. आणि रोज माझा हात राखेकडे जातोच.