जूलीचा वाटा

"तारेत अडकली म्हणून सांगायचं," नागू म्हणाला. "वरल्या मळ्याचं काटेरी कुंपण. सशामागं पळाली आन् अडकली. ह्येच्या पल्याड कुणी काय बोलायचं न्हाई."

केशर जूलीच्या फासळ्यांवरच्या जखमेला हळद आणि खोबरेल लावत होती. कुत्री कण्हली, पण तिनं अंग काढून घेतलं नाही.

"मला कशाला सांगताय?" केशर नवऱ्याकडं न बघता म्हणाली. "तुमी न्हेली, तुमीच सांगा. मला च्या ठेवायचाय."

"आन् सुंदरी?"

सुंदरी, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, अंगणात सीझर नावाच्या दांडग्या कुत्र्याच्या कानातले गोचीड वेचून रॉकेलच्या डब्यात टाकत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आठ दिवस झाले, ती बापाशी बोलत नव्हती.

रामनगरच्या टोकाला, गणेशगुडीच्या रस्त्यावर नागू मिराश्याचं घर होतं. जुनं गाव सुप्याच्या धरणात गेलं आणि सरकारनं इथं जागा दिली. घराचा पत्ता कुणाला सांगावा लागत नसे. भुंकणं ऐकू आलं की बसमधून उतरायचं. गावातले लोक त्याला 'नागूचं बोर्डिंग' म्हणत. नागू पूर्वी धरणाच्या कॉलनीत एका इंजिनियरच्या बंगल्यावर राखणीला होता. साहेब महिनाभर बेंगळूरला गेले तेव्हा त्यांचा कुत्रा त्यानं घरी आणून ठेवला. साहेब परत आले तेव्हा कुत्रा इतका गुबगुबीत झाला होता की ओळखायला दोन मिनिटं लागली. कॉलनीत देशोदेशीची माणसं, दिवाळीत आणि मे महिन्यात सगळी आपापल्या गावाला पळणार, आणि कुत्रं काही ट्रंकेत घालून नेता येत नाही. बघता बघता नागूच्या परसात आठ खोल्या उभ्या राहिल्या. धरणावरच्या टाकाऊ फळ्या, पुढं जाळी, खाली पोती.

सकाळी सुंदरी एकेक कडी काढून कुत्री दोन-दोन करून मोकळी सोडायची. केशर चुलीवरच्या हंड्यात तांदूळ आणि सुकी मासळी शिजवायची. नागू त्यांना ओढ्यावर नेऊन धुवायचा. कुठल्या कुत्र्याला दूध चालत नाही, कोण विजेला घाबरतं, याच्या मालकांनी दिलेल्या चिठ्ठ्या सुंदरी वाचून दाखवायची, कारण आईबापांना अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी पाचला सगळी आत, कडी आणि वर साखळी. बिबट्याला कुत्र्याइतकी दुसरी कशाची गोडी नाही. पाच वर्षांत एक कुत्रं दगावलं नव्हतं. नागूच्या हाती दोरी दिली की माणसं मागं वळून बघत नसत, आणि नागूच्या आयुष्यात मिरवण्यासारखं काही असेल तर ते एवढंच होतं.

पण गावाला त्याचं काय कौतुक? गावाला कौतुक पारधीचं. शिमग्याच्या आधी गावाची पारध निघे. कायद्यानं बंदी होती. पण कायदा तालुक्याच्या गावी, जोयड्याला राहायचा आणि पारध रानात. जनावर पडलं की ज्याचा वार लागला त्याला डोकं, हाकाऱ्यांना सारखे वाटे, आणि ज्या कुत्र्यानं जनावर अडवून धरलं त्याचा वाटा वेगळा. कुत्र्याचा वाटा सगळ्यांच्या आधी काढायचा आणि धन्याच्या हाती द्यायचा. त्यानं घरी जाऊन पहिला घास कुत्र्याला घालायचा आणि मग घरानं खायचं. असा मान मिळालेल्या माणसाचं नाव पुढं वर्षभर पारावर निघे. नागूचं स्वतःचं कुत्रं सात वर्षांमागं बिबट्यानं नेलं, आणि त्याआधीही त्याला हा मान कधी मिळालाच नव्हता. तो आपला डबा बडवीत हाकाऱ्यांच्या मागच्या रांगेत असायचा.

त्या वर्षी पारधीच्या सकाळी लखू, टोळीचा म्होरक्या, सगळ्यांदेखत म्हणाला, "नागूच्या घरात आठ कुत्री हाईत, पर समदी पावडर लावून बसलेली. आन् हा त्यांची सुईण."

माणसं हसली. नागूही हसला, आणि घरी येऊन त्यानं जूलीची कडी काढली.

जूली सावित्री सिस्टरांची. सिस्टर कॉलनीच्या दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या धारवाडच्या, एकट्या राहणाऱ्या. दवाखान्याच्या पायरीवर सापडलेलं पिल्लू त्यांनी वाढवलं होतं. अर्धं गावठी, अर्धं कुठल्या तरी साहेबी जातीचं. उंच, तांबूस आणि नाकाचं तिखट. आईच्या आजारपणासाठी सिस्टर बारा दिवस धारवाडला गेल्या होत्या.

"बाबा, ती सिस्टरची हाय," सुंदरी म्हणाली.

"बारा दिस आपलीच हाय की," नागू म्हणाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कितीसा वेळ लागतो?

खोटं कशाला बोला, रानातल्या त्या अर्ध्या तासात नागू जितका सुखी होता तितका तो स्वतःच्या लग्नातही नव्हता. गावची कुत्री रान हुंगत गोल फिरत होती आणि जूली सरळ धावली. करवंदीच्या जाळीतून तिनं रानडुक्कर उठवलं, ओहळाच्या कडेला नेऊन कोंडलं, आणि माणसं पोचेपर्यंत एकटीनं रोखून धरलं. "कुणाची रे, कुणाची?" लोक विचारत होते आणि नागू धावता धावता ओरडत होता, "माजी, माजी." मग भाला लागला, आणि पडता पडता डुकरानं मान वर झटकली. जूलीचं अंग पोटापासून फासळ्यांपर्यंत उसवलं.

तिला खांद्यावर आणि सागाच्या पानात बांधलेला वाटा हातात घेऊन नागू घरी आला. केशरनं गोधडीची सुई आणि दोरा उकळून अकरा टाके घातले. सुंदरीनं कुत्रीचं डोकं मांडीवर धरलं होतं. नागूनं रिवाजाप्रमाणं पहिला तुकडा जूलीच्या तोंडाशी नेला. तिनं हुंगलाही नाही. मग मटण वाया का घालवायचं, म्हणून केशरनं ते शिजवलं. सुंदरी जेवली नाही, ती पेजेची वाटी घेऊन जूलीपाशी बसून राहिली. नागू दिवसभराचा उपाशी होता आणि रस्सा चांगला झाला होता. त्यानं दोनदा वाढून घेतलं. पुढं त्याला सगळ्यात जास्त हेच टोचलं. कुत्रीला नेलं हा मूर्खपणा, पण ती तिकडं कण्हत असताना आपल्याला चव कशी लागली, याचा जबाब त्याला स्वतःलाही देता येईना.

आणि आज, बाराव्या दिवशी, साडेदहाच्या बसनं सिस्टर आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात धारवाडी पेढ्यांचा पुडा. आल्या आल्या त्यांनी पुडा सुंदरीला दिला आणि एक पेढा नागूच्या हातावर ठेवला.

"आई बरी आहे आता," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी कुठं आहे, नागप्पा?"

पेढा तोंडात असतानाच नागूनं तार, मळा, ससा सगळं सांगून टाकलं. घरात दहादा घोकलेलं, त्यामुळं कुठं अडखळला नाही.

सिस्टरांनी आधी हात धुतले. मग त्या जूलीपाशी गुडघ्यांवर बसल्या. जूली शेपटी आपटत राहिली, उठली नाही. सिस्टरांनी जखमेच्या खालच्या टोकाला बोट टेकवलं आणि ते न दाबता वरच्या टोकापर्यंत नेलं.

"टाके कोणी घातले?"

"मी," केशर म्हणाली.

"दोरा उकळला होता?"

"व्हय."

"चांगले घातलेत. माझ्याहून चांगले."

मग त्यांनी मान वर करून सुंदरीकडं पाहिलं. पोरगी पुडा छातीशी धरून उभी होती, तोंड लालबुंद. सिस्टर तिच्याकडं बघत राहिल्या, काहीतरी विचारणार असं वाटलं, आणि न विचारताच त्यांनी पिशवीतून पट्टी काढली. नागूला सुटल्यासारखं झालं. पोरीवर खोटं बोलायची पाळी येऊ नये म्हणून सिस्टरांनी तोंड मिटलं, हे त्याच्या ध्यानात यायला उशीर लागला.

जूलीला चालवत नव्हतं. नागूनं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि ते बसथांब्याकडं निघाले. संकट टळलं की माणसाची जीभ सैल सुटते. "लई जपली बगा सिस्टर," तो म्हणाला. "रातभर जागलो उशाशी. सोताच्या पोरीगत." जागली होती सुंदरी.

थांब्याशेजारच्या चहाच्या दुकानात लखू बाकावर बसला होता. जूलीला बघून तो उठूनच आला.

"सिस्टर, ही तुमची व्हय?" त्यानं जूलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "काय कुत्री हाय. येवढा दांडगा डुक्कर एकटीनं धरला. आमच्या नागूला वीस वरसांत पयल्यांदा मान मिळाला, तो हिच्यापायी."

लखूच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो खरोखर कौतुकच करत होता. नागूला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. दोन्ही हात कुत्रीखाली अडकलेले, त्यामुळं तोंडावरून हात फिरवण्याचीही सोय नव्हती.

"माहीत आहे, अण्णा," सिस्टर लखूला म्हणाल्या. "तार अशी खालून वर फाडत नाही. दर शिमग्याला माझ्याकडं तीन-चार माणसं येतात अशी फाटलेली. सगळी तारेतच अडकलेली असतात."

लखू खाली बघून दुकानात गेला. सिस्टर नागूकडं वळल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"नागप्पा, तुमच्याकडं कुत्र्याचा वाटा काढतात ना? तिचा तिला मिळाला?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. पहिला तुकडा तिच्यापुढं धरला होता, हे काही खोटं नव्हतं.

"न्हाई," नागू म्हणाला. "ती खाईना. आमी खाल्ला. मी दोनदा घेतला." आणि पुढं म्हणाला, "रातभर मी जागलो न्हाई. पोर जागली."

सिस्टरांनी मान हलवली, रोग्यानं किती दिवस ताप आहे ते सांगितल्यावर हलवावी तशी. बस आली. नागूनं जूलीला मागच्या बाकाखाली पोत्यावर ठेवलं. सिस्टर खिडकीशी बसल्या आणि त्यांनी समोर पाहिलं.

मे महिन्यात कॉलनीतले एक ओव्हरसियर आपली पिंकी घेऊन आले आणि त्यांनी नेहमीसारखी दोरी पुढं केली. नागूनं ती घेतली नाही. टोपी काढून तो उभा राहिला.

"सायेब, दोरी घ्यायच्या आदी एक सांगायचं हाय," तो म्हणाला, आणि पारधीला नेलेल्या कुत्रीची सगळी हकीकत त्यानं सांगितली. नाव तेवढं सिस्टरांचं घेतलं नाही. "ह्ये ऐकून ठेवायची आसंल तर ठेवा."

ओव्हरसियर पिंकीला ठेवून गेले. त्यांच्यानंतर आलेले दोघं मात्र आल्या पावली परत गेले. येईल त्याला नागू तेच सांगे. केशर वैतागली. "आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा. कोण इचारतंय तुमाला?" चार खोल्या रिकाम्या पडल्या. पावसाळ्यात त्यात लाकडं भरली. पण त्या पहिल्या दिवशी ओव्हरसियर गेल्यावर सुंदरी पुढं आली आणि म्हणाली, "बाबा, पिंकीला कुठल्या खोलीत घालू?" शिमग्यानंतर बापाशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य होतं.

गोष्ट पारावर गेली. लखूनं एकदा विचारलं, "नागू, लाज वाटत न्हाई व्हय, दर येळी समद्यांना सांगायला?"

"वाटती की," नागू म्हणाला.

दिवाळीच्या दोन दिवस आधी कॉलनीकडून आलेल्या बसमधून सावित्री सिस्टर उतरल्या. बरोबर जूली. चालत होती, मागचा पाय जरा बाहेर टाकत. रस्त्याच्या कडेलाच सिस्टरांनी दोरी पुढं केली.

"बस थांबलीय," त्या म्हणाल्या. "पुढं लोंढ्याला गाडी धरायची आहे. दहा दिवस."

नागूनं टोपी काढली. "सिस्टर, दोरी घ्यायच्या आदी एक सांगायचं हाय," तो म्हणाला. "आमच्याकडं शिमग्यात एक कुत्री ठेवली व्हती…"

मला ठाऊक आहे, असं सिस्टर म्हणू शकल्या असत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी त्यांनी तिकडं बघितलं नाही. लखूचं बोलणं, डुक्कर, तार, रस्सा, न जागलेली रात्र, सगळं त्यांनी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग त्यांनी दोरी पुन्हा पुढं केली. नागूनं ती घेतली.

"थंडीत तिचा टाका दुखतो," त्या म्हणाल्या. "पोती दोन घाला." आणि बसमध्ये चढल्या.

बस गेली. जूली रस्त्याच्या कडेला बसली होती, बसच्या दिशेला तोंड करून, आणि उठत नव्हती. नागूनं दोरी ओढली नाही. ती सैल सोडून तोही तिथंच धुळीत उकिडवा बसला. सुंदरी दारातून बघत होती. कुत्र्यांच्या जेवणाची वेळ झाली, आत सगळी भुंकायला लागली, तरी जूली उठेपर्यंत तो तिथून हलला नाही.