सत्तावन्न गुणांचा मॅनेजर

कृष्णराजचा फायदा महिन्याला एकोणीस हजारांचा होता आणि त्याला खर्च होता फक्त पेनातल्या शाईचा.

धाराशिवच्या त्या पतसंस्थेत संगणक विभागातल्या दोन पदांचे पगार ठरत होते. एक सॉफ्टवेअर मॅनेजर कृष्णराज, दुसरी डेटाबेस सांभाळणारी श्रावस्ती. संचालक मंडळानं रीत काढली होती: प्रत्येक कामाला गुण, गुणाला हजार रुपये. कामं नेमकी कोणती, हे एकट्या श्रावस्तीला ठाऊक, म्हणून कच्चा कागद तिनंच लिहिला. मॅनेजरला अडतीस, स्वतःला बत्तीस.

श्रावस्ती बेंबळीची. नऊ वर्षं झाली, पगार सतरा हजारांवर अडकलेला. तीन वर्षांमागं सगळ्या शाखांचा डेटा उडाला, तेव्हा तीन दिवस खुर्ची न सोडता तिनं तो परत आणला. वार्षिक सभेत शाल-श्रीफळ आणि वेतनवाढ घेतली कृष्णराजनं. अध्यक्ष महारुद्रअप्पांचा तो सख्खा भाचा. तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या. मोजून चार.

आता बैठकीत कृष्णराजनं कागद पुढं ओढला.

"अप्पा, रोजचा बॅकअप माझ्या नावावर लिहा. सहा गुण. माझ्याच देखरेखीत होतो की."

"घ्या," श्रावस्ती म्हणाली.

"महिनाअखेरचं व्याज, पाच."

"घ्या की सर."

"आन् बिघाड झाला तर डेटा परत उभा करायचा, ते आठ."

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरी, तुझे तेराच ऱ्हायले. सतरा हजार व्हते, तेबी गेले. बोलत का न्हाईस?"

"एक ओळ लिहा, अप्पा. गुण घेणाऱ्याला काम जमलं न्हाय, तर बाहेरच्या माणसाचा खर्च त्याच्याच पगारातून."

कृष्णराज हसला. "लिहा, लिहा. ताईंचं समाधान व्हऊ द्या." आणि त्यानं लांबलचक सही ठोकली.

श्रावस्तीनं दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. नोटिशीच्या महिन्यात तीनदा त्याला म्हणाली, "सर, बसा, दाखवते." तीनदा तो "उद्या बघू" म्हणून नळदुर्गच्या ढाब्यावर जेवायला गेला. चौथ्यांदा तिनं विचारलं नाही. सूड म्हणाल तर तेवढाच.

ती गेल्यावर तेविसाव्या दिवशी सर्व्हर बसला. शेवटचा बॅकअप निघाला तिच्याच हातचा. अप्पांचा फोन आला.

"श्रावस्तीताई, या बाई लवकर. शाखाशाखांत लोक बोंबलायलेत."

"येते. दिवसाला अकरा हजार."

"लई व्हतंय गं."

"कृष्णराज सरांकडं आठ गुण हायेत. त्यांना बसवा, फुकटात व्हईल."

 अप्पांच्या मागून बारीक आवाज आला, "मामा, द्या म्हणा."

बारा दिवस लागले. बिल एक लाख बत्तीस हजार. संस्थेच्या खिशातून त्यातला रुपया गेला नाही. कृष्णराजच्या पगारातून महिन्याला बारा हजार, असे अकरा महिने कापले गेले. श्रावस्तीनं याची किंमत म्हणून कायमची नोकरी मोजली. तिला ती महाग वाटली नाही. आणि नळदुर्ग शाखेच्या कारकून धुरपताबाई धरून शाखांतल्या अठरा कारकुनांनी तेवीस दिवसांच्या पावत्या पुन्हा टाइप करत आपल्या बारा संध्याकाळी घालवल्या. त्यांच्या कामाला कुणी गुणच लावले नव्हते.