ओल्या अक्रोडाचा धूर

मी ओंडका बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. ज्याला चोरून तोडलं, तो गोड कसा बोलेल?

मी अक्रोडाच्या बुंध्याजवळचा, गाठीचा तुकडा. आमचं झाड दोन भावांच्या घरांमधल्या बांधावर उभं होतं. ते दोघांचं, हे अख्ख्या डोंगराला ठाऊक. इथं थंडीची लाकडं वर्षभर आधी तोडतात, उन्हाळाभर वाऱ्यावर रचून ठेवतात, मगच जाळतात. धाकट्यानं तशी रचली होती. थोरला मात्र नुसता 'बघू, बघू' करत बसला. पानं गळायला लागली तेव्हा त्याला घाम फुटला. घरात छातीच्या दुखण्यानं खाटेला खिळलेली आई, आणि लाकडाची एक ढलपी नाही!

धाकट्याकडे मागायला काय झालं होतं? पण नाही, मोठेपणा आडवा आला. धाकटा चार दिवस खालच्या गावी गेलाय हे बघून यानं आम्हाला करवत लावली.

"अहो, ओलं झाड आहे. आणि भावजींना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"त्याला काय विचारायचंय? वादळात पडलं म्हणून सांगू."

माझ्यावर त्यानं कुऱ्हाडीचे सतरा घाव घातले. मी फुटलो नाही. तेव्हाच ठरवलं, बच्चमजी, तुला रडवलं नाही तर नावाचा ओंडका नाही.

चोराच्या मनात चांदणं! कुणाला दिसू नये म्हणून त्यानं आमचा ढीग ताडपत्रीत चहूबाजूंनी गच्च बांधला. कापलेला बुंधा बांधावर तसाच, आणि हा लाकडं झाकतोय! आत वाऱ्याची झुळूक येईना. वाळायचं सोडून आम्ही बुरशीनं पांढरे पडलो. मला आनंदच झाला. म्हटलं, आवळ बाबा, अजून आवळ.

धाकटा परत आला. बुंध्याच्या सपाट कापावरून त्यानं हात फिरवला. "वादळाकडे करवत होती वाटतं, दादा," एवढंच म्हणाला आणि घरात गेला.

मग बर्फ पडला. आम्हाला शेगडीत घातलं. फुंकून फुंकून थोरल्याचे गाल दुखले. आम्ही चुरचुरत टोकांतून पाणी सोडलं, पण पेट घेतला नाही. धूर मात्र असा काढला की त्याचे डोळे लालभडक झाले. घे, म्हटलं, अजून घे! मला अर्धा आत कोंबलं, तर मी शेगडीच विझवली. चिडून त्यानं मला मागच्या पडवीत भिरकावलं.

पण धुराला माणसं कुठं ओळखता येतात? तो खाटेकडे गेला. आईला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ओठ निळे पडले. माझ्या सावलीत बसून अक्रोड फोडायची ती. तिचं मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण थोरल्यावरचा राग तसूभरही कमी झाला नाही, उलट वाढला.

बायको धावत शेजारी गेली. धाकटा आला, त्यानं आईला घोंगडीत गुंडाळलं आणि उचललं.

"अरे, आई माझ्याकडे राहते," थोरला दारात उभा राहिला.

"दादा, बाजूला हो."

थोरला बाजूला झाला. त्या घरात कोरडी लाकडं होती, म्हणून आई वाचली.

त्याला आता वर्ष झालं. या खेपेला थोरल्यानं उन्हाळाभर राबून लाकडं वाळवली. पडवीच्या वाऱ्यात मीही खणखणीत वाळलो. आज सकाळी तो आईला आणायला गेला, आणि एकटाच परतला.

"काय म्हणाल्या?" बायकोनं विचारलं.

"म्हणाली, इथं बरं आहे मला. तू येत जा भेटायला."

पोटच्या पोराला 'भेटायला येत जा'! मी सतरा घाव सोसले, पण याला हा एकच पुरला. कुणी मला दुष्ट म्हणेल. म्हणू दे. माझं काळीज थंड झालं.

आता तो मला उचलून शेगडीपाशी घेऊन आलाय आणि नुसता बसलाय. टाक की आत! मी चांगला पेटेन. धूर मुळीच निघणार नाही. मग डोळ्यांतलं पाणी कुणाच्या नावावर खपवशील, तेवढं बघ.