घंटेनं न मोडणारी समाधी

मला ऐकू येत नाही हे आमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. पप्पा सातपूरला एका प्रेस शॉपमध्ये कामाला होते. पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर वर्षानुवर्षं उभं राहिलं की माणसाचे कान जातात, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. कानात घालायला कंपनीनं बोळे दिले होते, पण ते घालणाऱ्याची बाकीचे टिंगल करायचे. त्यामुळं पप्पांना चहा हवा का विचारायचं तरी आईला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारावं लागे. टीव्हीचा आवाज कायम शेवटच्या काडीपर्यंत. नवा पाहुणा आला की बिचारा चपला काढायच्या आधी विचारात पडायचा, की हे लोक भांडतायत, आपण नंतर यावं का.

त्या घरात माझं झकास चाललं होतं. माझे दोन्ही कान लहानपणापासून फुटायचे. पू यायचा, आई कोमट तेल सोडायची, कापूस घालायची, चार दिवसांनी थांबायचं. गल्लीत सगळ्याच पोरांचे फुटायचे, त्यामुळं त्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. घरातला आरडाओरडा त्या कापसातूनही पोचत होता.

शाळेत मात्र बाई माणसासारखं बोलायच्या. सिंहस्थ झाला त्या वर्षी, म्हणजे २००३ साली, मी तिसरीत गेले, आणि उंच म्हणून मला शेवटच्या बाकावर बसवलं. श्रुतलेखनाच्या तासाला बाई फळ्याकडं तोंड करून शब्द सांगायच्या. मी शेजारणीच्या वहीत बघून लिहायचे, ती वही झाकायची. मग मी काहीतरी मनाचं लिहायचे, आणि बाई ते वर्गाला वाचून दाखवायच्या. सगळा वर्ग मागं वळून माझ्याकडं बघत हसतोय, आणि का हसतोय हे आपल्यालाच माहीत नाही, असं ज्याला कधी झालेलं नाही त्यानं माझ्या रागाबद्दल बोलू नये. मी कंपासपेटी फेकली. एकदा वही झाकणाऱ्या पोरीच्या दंडाला चावले.

बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काय केलं हो दीपमालानं?" आणि अख्ख्या व्हरांड्यानं वळून बघितलं. बाई दोन पावलं मागं सरकल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो आई पुढं कितीतरी वर्षं पप्पांना ऐकवत होती. बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी भांडणं होतात का? मूल घरातूनच शिकतं हो."

आईचं तोंड एवढंसं झालं. तिचं माहेर मखमलाबादचं, फुलं-भाजीपाला करणारं, आणि शिकलेल्या बाईनं आपल्याला गावंढळ म्हणावं हे तिला फार लागायचं. त्या दिवसापासून तिनं माझ्या रागाचं मनावर घेतलं.

पप्पांच्या सुपरवायझरची बायको देवळात भेटली आणि तिनं गंगापूर रोडच्या आसावरी मॅडमचं नाव सांगितलं. मॅडम बेंगळुरूला जाऊन काहीतरी शिकून आल्या होत्या. आपल्या बंगल्याच्या हॉलमध्ये दर रविवारी त्या 'शांतबाल वर्ग' घ्यायच्या. तापट, हट्टी, रडव्या पोरांना तिथं स्फटिक देऊन शांत करत. आई मला घेऊन गेली, तेव्हा मॅडम तिच्याशी पाचेक मिनिटं बोलल्या. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. त्या ओठसुद्धा जेमतेम हलवायच्या. बाहेर आल्यावर आई भारावून गेली होती.

"किती हळू बोलतात बघितलं का?" आई मला रस्त्यात ओरडून म्हणाली. "याला म्हणायचं संस्कार. नायतर आपण."

वर्ग असा चालायचा. पांढऱ्या चादरीवर गोल करून बसायचं. मधे मिठाच्या पाण्याचं भांडं, उदबत्ती, आणि पितळी तबकात दगड. गुलाबी प्रेमाचा, जांभळा रागाचा, पांढरा सगळ्याचाच. मला जांभळा मिळाला. तो डाव्या मुठीत धरायचा, डोळे मिटायचे, श्वास आत, श्वास बाहेर, आणि राग मुठीतून दगडात सोडून द्यायचा. पौर्णिमेला दगड गच्चीवर चांदण्यात ठेवायचा, म्हणजे तो रिकामा होतो आणि पुढच्या महिन्याचा राग त्यात मावतो. शेवटी मॅडम एक इवलीशी घंटा वाजवत, की सगळ्यांनी डोळे उघडायचे. ही सगळी माहिती मला नंतर मिळाली. तेव्हा मला एवढंच कळलं होतं, की इतरांसारखं बसायचं आणि डोळे मिटायचे. त्या घंटेचं म्हणाल तर मला वाटायचं, आरतीला निरांजन फिरवतात तशी ती नुसती हलवायची असते.

खरं सांगते, मला तिथं आवडायचं. कुणी बोलत नव्हतं, त्यामुळं माझं काही चुकत नव्हतं. पहिल्या रविवारी मी डोळे मिटून बसले ती बसूनच राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा डोळे उघडले, तर सगळी पोरं उठून उभी होती आणि मॅडम माझ्याकडं असं बघत होत्या, की मला वाटलं आता मार बसणार. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मग मॅडमनी आईला बाजूला घेतलं, आणि त्या दिवसापासून आई सगळ्यांना सांगत सुटली. "मॅडम म्हणल्या, हिची समाधी घंटेनंबी मोडत नाय. अशी पोरगी त्यांनी पाहिली नव्हती." घरी पप्पांना हे तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा कळल्यावर पप्पा खूष झाले आणि माझ्यासाठी जिलबी आणली.

सहा महिन्यांनी मॅडमनी पालकांचा मेळावा घेतला. पन्नासेक आईबाप खुर्च्यांवर, आणि आम्ही पुढं चादरीवर. घंटा झाली, सगळ्या पोरांनी डोळे उघडले, मी नाही उघडले. मग मॅडमनी मला उभं केलं, जवळ घेतलं, आणि अगदी माझ्या तोंडासमोर तोंड आणून विचारलं, म्हणून मला कळलं, "बाळा, घंटा वाजली तेव्हा तुला काय वाटलं?"

मी जे खरं होतं ते सांगितलं. "मला घंटा ऐकूच नाही आली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. मॅडम काहीतरी म्हणाल्या आणि पुन्हा टाळ्या झाल्या. आई मागं उभी होती, ती पदर तोंडाला लावून रडत होती, आनंदानं. पन्नास धडधाकट कानांची माणसं त्या हॉलमध्ये होती. आठ वर्षांची पोरगी मला ऐकू आलं नाही म्हणतेय, आणि त्यातल्या एकाला, फक्त एकाला, तिला ऐकू आलं नसेल असं वाटू नये. मी अजूनही तो हॉल आठवला की दात खाते.

त्यानंतर मला राग करायला बंदीच झाली. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणायची, "दगड घे." शेजारणीनं वही झाकली, मी दगड घेतला. बाईंनी उभं करून ठेवलं, मी दगड घेतला. सगळे हसले, मी खिशात हात घालून मूठ वळली आणि श्वास मोजले. असं करत करत मी शांत झाले. म्हणजे बोलणंच सोडलं. चौथीत दोन विषयांत नापास झाले, पण प्रगतिपुस्तकावर वर्तन 'उत्तम' होतं, आणि आईनं ते पान सुपरवायझरच्या बायकोला नेऊन दाखवलं. मॅडम रागाला रंग द्यायला शिकवत, नाव द्यायला शिकवत, त्याला नमस्कार करून निरोप द्यायला शिकवत. तो कशाचा येतो, हे मात्र त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

कान त्या काळात थांबेनासे झाले होते. उजव्या कानाचा वास यायचा, घाण, मेलेल्या उंदरासारखा, आणि वर्गातली मुलं लांब बसायची. आईनं मॅडमना विचारलं. तिला दवाखान्यात न्यायचं होतं, हे मी तिच्या बाजूनं सांगते. मॅडमनी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं की घाबरू नका, वर्षानुवर्षांचा साठलेला राग आहे, तो वाट शोधतोय. बाहेर येतोय हे चांगलंच आहे. आता औषधानं दाबलात तर परत आत जाईल. मग माझ्या उशीखाली आणखी दोन पांढरे दगड आले.

पाचवीच्या दिवाळीनंतर एका सकाळी मी चूळ भरली, तर पाणी तोंडाच्या एका बाजूनं गळून गेलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा खाली ओघळलेला, उजवा डोळा मिटेना. उठायला गेले तर घर गरगरलं. पप्पांनी मला पाहिलं, दुसरी पाळी सोडली, आणि आईला काही न विचारता उचलून दवाखान्यात नेलं.

कानाच्या डॉक्टरांनी आधी तपासणीला पाठवलं. काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन लावले आणि खुणेनं सांगितलं की आवाज आला की बटण दाब. मी बटणावर बोट ठेवून बसले. बसलेच. काचेपलीकडं तपासणारी मुलगी एक कळ पुढं पुढं सरकवत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. तिच्या मागं आई उभी होती. एव्हाना मला ओठांवरून बरंच कळायचं. आई त्या मुलीला म्हणत होती, "बघा ना, किती शांत बसलीय. आधी अशी नव्हती हो."

कानामागचं हाड किडून गेलं होतं. ऑपरेशन करून चेहरा वाचला, तो हळूहळू जागेवर आला. उजवा कान कायमचा गेला, डाव्यात मशीन लावून थोडंफार. आईनं डॉक्टरांना दगडांचं, वर्गाचं, सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं सुरुवात करून. डॉक्टर पप्पांकडं वळून, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चिडत होती तेव्हाच आणायची होती हो. कान तेव्हा वाचला असता." पप्पा दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि त्या दिवशी कुणाशी ओरडून बोलले नाहीत.

डोक्याचं बँडेज सुटायच्या आधीच्या रविवारी आई म्हणाली, चल, मॅडमकडं जायचंय. बसमध्ये ती ताठ बसली होती, ओठ आवळून. मला वाटलं, आता आई भांडणार. सातपूरचा आवाज त्या हॉलमध्ये काढणार, काचा हलतील असा. मी इतकी खूष झाले होते की खिडकीतून बाहेरसुद्धा बघितलं नाही. मला तिचं तोंड बघायचं होतं, म्हणजे तिचा एक शब्दही चुकायला नको.

हॉलमध्ये वर्ग चालू होता. पोरं गोल करून बसलेली. मॅडम उठून आल्या, माझं बँडेज बघून त्यांनी छातीला हात लावला. आईनं पिशवी खाली ठेवली, हात जोडले, आणि हळू आवाजात, त्यांच्यासारख्या हळू आवाजात, काय म्हणाली ते मी तिच्या ओठांवर नीट वाचलं.

"एवढं मोठं ऑपरेशन झालं, पण रडली नाही मॅडम. तुमच्यामुळं सहन केलं तिनं."

आज मला समजतं की तिला दुसरं काही म्हणणं परवडणारंच नव्हतं. मॅडम खोट्या ठरल्या असत्या, तर त्या दोन वर्षांचा दोष आईच्याच पदरात पडला असता. समजतं, पण म्हणून काही राग जात नाही.

मॅडमनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या पोरांकडं वळून माझ्याबद्दल काही सांगू लागल्या, कौतुकानं. मी ते पितळी तबक उचललं आणि फरशीवर आपटलं. दगड सगळीकडं उधळले. पोरं भेदरून भिंतीकडं सरकली. मी ओरडले, "मला ऐकू येत नव्हतं. मी सांगितलं होतं तुम्हाला. सगळ्यांसमोर सांगितलं होतं." माझ्या मते मी जीव खाऊन ओरडले. पण कानानं अधू माणसाला आपलाच आवाज डोक्यात घुमतो, बाहेर किती जातो ते कळत नाही. बाहेर बहुधा नुसतं पुटपुटणं गेलं असावं, कारण माझ्या बोलण्यानं कुणीच दचकलं नाही.

मॅडमनी आईकडं हताश होऊन बघितलं. आई शरमेनं लाल झाली होती.

"पुन्हा सुरू झालं हो मॅडम," ती म्हणाली. मग माझा दंड धरून तिनं मला त्यांच्यासमोर उभं केलं, हनुवटी वर उचलली, म्हणजे मला तिचे ओठ दिसावेत. "माफी माग."

मी माफी मागितली.

"असं तोंडातल्या तोंडात नको," आई म्हणाली. "त्यांना ऐकू आलं पाहिजे."